पुंगळीचं वजन की पोट?

प्रश्न: .308 विंचेस्टर या मापाची रायफलीची काडतुसं मी स्वतः भरतो. गोळी 175 ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम), वेग सेकंदाला 2600 फुटांच्या आसपास. 100 यार्डांवर पाचही छिद्रं एकमेकांना चिकटून येतात, पण 1000 यार्डांवर उभी रांग लागते, वरखाली जवळजवळ दीड फूट. आडवा पसारा फारसा नाही. पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, तीन कंपन्यांच्या आहेत, काही लष्करी. वजन करून त्या वेगळ्या केल्या तर भागेल का?

उत्तर: थोडंफार भागेल, पण वजनाच्या आधी दुसरं काम आहे. आडवा पसारा नसताना रांग उभीच लागते, तेव्हा पहिला संशय वेगावर घ्यायचा. तुमच्या गोळीचा वेग सेकंदाला 10 फुटांनी बदलला तर 1000 यार्डांवर ती साधारण 3 ते 4 इंच वर किंवा खाली लागते. म्हणजे 50 फुटांच्या तफावतीत तुमचा दीड फुटांचा हिशेब पुरा होतो. तीच तफावत 100 यार्डांवर इंचाच्या दहाव्या भागाइतकी, ती छिद्राच्या आतच लपते. म्हणून भरलेल्या काडतुसांची परीक्षा जवळच्या कागदावर घेऊ नका. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावा आणि प्रत्येक गोळीचा वेग पुंगळीच्या प्रकारासमोर लिहून ठेवा.

आता पुंगळीकडे. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतींना टेकतं, त्यामुळे बाहेरचं माप सगळ्यांचं सारखंच होतं. फरक उरतो तो आतल्या पोटात, म्हणजे पोकळीत. भिंत जाड असली की पोट लहान, आणि तेवढीच पावडर लहान पोटात जळली की दाब आणि वेग दोन्ही चढतात. 7.62 नाटो, म्हणजे .308 च्या जवळजवळ सारख्याच लष्करी काडतुसाच्या, पुंगळ्या सहसा जड आणि जाड असतात. व्यापारी पुंगळीसाठी ठरवलेला पावडरीचा भार त्यांत तसाच ओतणं हा नुसता नेम चुकण्याचा प्रश्न नाही, धोक्याचा आहे. पुंगळी बदलली की छापील तक्त्यातल्या सुरुवातीच्या भारापासून पुन्हा चढत यायचं. चपटा झालेला प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी टाकणारी टोपी) किंवा जड उघडणारा बोल्ट (चेंबर उघडबंद करणारा दांडा) यांची वाट पाहू नका. या खुणा दिसेपर्यंत दाब मर्यादा ओलांडून गेलेला असू शकतो.

वजनाचं गणित असं. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. दोन पुंगळ्यांत साडेआठ ग्रेनचा फरक असेल आणि तो सगळा भिंतीत असेल, तर पोटात मावणाऱ्या पाण्यात एक ग्रेनचा फरक पडतो. अडचण त्या 'भिंतीत असेल तर' मध्ये आहे. जास्तीचं पितळ बुडाच्या कडेला किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाचेतही असू शकतं, आणि तिथल्या पितळाचा पोटाशी काही संबंध नाही. म्हणून वजनाचा उपयोग घोळक्यापासून फार लांब पडलेल्या पुंगळ्या बाजूला काढायला करावा. त्यापुढचं पाण्याने मोजावं.

त्यासाठी आपल्याच रायफलीतून उडवलेली, डायमध्ये (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) न घातलेली पुंगळी घ्या. सगळ्यांची लांबी आधी सारखी कापा. जुना प्रायमर जागेवरच राहू द्या. कोरडं वजन करा, मग भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी ड्रॉपरने मानेच्या, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद तोंडाच्या, काठापर्यंत भरा. टिचकी मारून बुडबुडे वर काढा. पाण्याचा फुगवटा काठावर उभा राहतो, तो टिपकागदाच्या टोकाने सपाट करा आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे पोट. पहिलीच पुंगळी तीनदा रिकामी करून, पुसून, वाळवून मोजा. तीन आकड्यांत 0.3 ग्रेनचा फरक येत असेल, तर 0.2 ग्रेनने ढीग पाडणं म्हणजे स्वतःच्याच हाताची चूक मोजणं. काम झाल्यावर पुंगळ्या पूर्ण वाळवा. बुडाशी राहिलेला ओलावा पावडरीला लागतो.

हे सगळं करण्याआधी मात्र कंपनी, लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) आणि किती वेळा उडवली, या तीन गोष्टींनी डबे वेगळे करा. तुमची निम्मी रांग तिथेच मोडेल असा आमचा अंदाज आहे. एकाच चांगल्या लॉटच्या पुंगळ्या एकेका ग्रेनने निवडत बसणं आम्हाला बहुतेकदा वेळ घालवणं वाटतं.

प्रश्न: पोट सारखं, पावडर तोलून भरलेली, तरी गोळी बसवताना काही पुंगळ्यांत ती लोण्यासारखी जाते, तर काहींत गोळी दाबून बसवणाऱ्या प्रेसचा दांडा जोर मागतो. याने फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि पुष्कळदा पोटापेक्षा जास्त. मानेची पकड बदलली की गोळी सुटण्याचा क्षण आणि सुरुवातीचा दाब बदलतो. कारणं सहसा चार असतात.

पितळ प्रत्येक वेळी आकसून-फुगून कडक होतं. पाच वेळा आणि एकदा उडवलेली पुंगळी त्याच डायमधून काढली तरी कडक झालेली मान दाबल्यावर वेगळ्या मापाला परत फिरते. उपाय म्हणजे मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा तापवून मऊ करणं. अंधाऱ्या खोलीत मानेच्या कडेवर अंधूक लाली येताच पुंगळी ज्योतीतून काढायची. लख्ख नारिंगी झाली तर मान वाया गेली. बुडाला उष्णता अजिबात पोचू देऊ नका. मऊ झालेलं बूड दाब सोसत नाही.

दुसरं, मानेची जाडी एका बाजूला कमी-जास्त असणं. बॉल मायक्रोमीटरने (गोल टोकाच्या जाडी मोजणाऱ्या साधनाने) चार जागी मोजा. तिसरं, मान आणि खांदा यांच्या सांध्यावर आत तयार होणारं कडं. गोळीचं बूड तिथवर पोचत असेल तर नेमका तिथेच दांडा अडतो. चौथं कारण कुणाच्या लक्षात येत नाही: स्टीलच्या पिनांसह पाण्यात धुतलेली मान आतून इतकी स्वच्छ होते की गोळी तिला चिकटते. थोडं कोरडं ग्रॅफाइट फिरवा.

प्रश्न: लापुआ कंपनीच्या नव्या पुंगळ्यांत डायची प्रायमर काढायची पिन अडकून वाकली. दोष कुणाचा?

उत्तर: पुंगळ्या छोट्या रायफल प्रायमरच्या असतील तर कुणाचाच नाही. त्यांचं ठिणगीचं भोक 1.5 मिमीचं असतं, नेहमीचं सुमारे 2 मिमीचं. बारीक पिन लावा. भोक मोठं करू नका.