मुलाची वही आधी परत द्या

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार पालकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नाशिकमध्ये राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करीत आहे. जंगलतोड आणि नामशेष होत चाललेल्या प्राण्यांवरील माहितीपट तो रात्री उशिरापर्यंत पाहतो आणि आपल्यालाही हेच काम करायचे आहे, असे म्हणतो. 'या क्षेत्रात पैसा नाही आणि असल्या फिल्मने एकही प्राणी वाचलेला नाही, हे तुम्हीच त्याला लिहून पटवा,' अशी वडिलांची विनंती आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्याला हवे असलेले उत्तर मी देणार नाही. गुणांविषयी आपण पानभर लिहिले आहे, परंतु मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटी ओझरत्या आलेल्या वाक्याची: 'नांदूर मध्यमेश्वरला जाऊन पक्षी मोजण्याची त्याची वही मी काढून घेतली आहे, निकाल लागल्यावर देईन.' त्यावर त्याने वाद घातला नाही, म्हणजे त्याला पटले, असा अर्थ आपण लावला आहे. सलग तीन हिवाळे भल्या पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर जाऊन चक्रवाक किती आले, थापट्या किती, पाणी किती उतरले, हे तारीखवार लिहून ठेवणारा मुलगा वही गेल्यावर गप्प बसत असेल, तर त्याला पटलेले नाही; आपल्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही, एवढेच त्याने ठरवले आहे. अवकाळी पावसात बाग गेली त्या वर्षी क्लासच्या फीसाठी काढलेल्या कर्जाची आठवणही आपण त्याला जेवताना करून देता, असे आपणच लिहिले आहे. आपली ओढाताण मला समजते, पण कर्ज काढण्याचा निर्णय आपला होता आणि त्याची परतफेड एकोणीस वर्षांच्या मुलाच्या रँकमधून वसूल करता येत नाही.

ते माहितीपट पाहून तो उदास होतो, यात मला विकृत असे काही दिसत नाही, कारण त्यात दाखवलेले खरे आहे आणि खऱ्या नुकसानीचे वाईट वाटणारच. मात्र झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य दाखवा किंवा 14416 या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) क्रमांकावर बोला. तो प्रश्न करिअरचा नाही आणि त्यासाठी निकालाची वाट पाहू नये.

आता आपल्या विधानाविषयी. गुजरातच्या किनाऱ्यावर यकृताचे तेल आणि मांस यांसाठी व्हेल शार्कची सर्रास शिकार होत होती. माइक पांडे यांनी त्यावर केलेला 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट 2000 साली आला आणि 2001 मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत स्थान मिळाले. असे संरक्षण मिळालेला तो देशातील पहिला मासा. पुढे कोळ्यांमध्ये जाऊन समजूत घालावी लागली, अडकलेला मासा सोडण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यावी लागली, म्हणजे एकट्या फिल्मने सारे साधले असे नाही. पण एकही प्राणी वाचला नाही, हे आपले म्हणणे चुकीचे आहे.

दुसरा गैरसमज आपल्या दोघांचा मिळून आहे. आपल्याला हे काम लग्नाच्या शूटिंगसारखे वाटते आणि मुलगा महागड्या कॅमेऱ्यासाठी हट्ट धरून बसला आहे. दोघेही कॅमेऱ्यापाशीच अडकला आहात. गिधाडांचे उदाहरण घ्या, ते आपल्या जिल्ह्यातलेच आहे. आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत, हे आपण पाहिलेले असेल. 1990 च्या दशकात ती झपाट्याने मरू लागली आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर 99 टक्क्यांहून अधिक घटली. त्या काळात कितीही उत्तम कॅमेरा घेऊन कोणी गेले असते, तरी मान टाकून बसलेला पक्षीच टिपता आला असता. का मरतात, हे शवविच्छेदनात कळले: मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते. पाकिस्तानातील हे संशोधन 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, 2006 मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपी गुरांना पुरणार नाही अशा तीन मिलिलिटरवर आणावी लागली. या विषयावर माहितीपट करणाऱ्याला औषध, गोठा, कायदा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे सगळे वाचता आले पाहिजे. अन्यथा तो करुण संगीत लावून मेलेला पक्षी दाखवील आणि पाहणारा हळहळून विसरून जाईल. या कामाची पात्रता आपण कपाटात ठेवलेल्या त्या वहीत आहे.

म्हणूनच लगेच एखाद्या खासगी फिल्म इन्स्टिट्यूटची भरमसाट फी भरू नका, असे मी त्यालाही स्पष्टपणे सांगेन. या क्षेत्रात उत्पन्न अनियमित असते, संस्थांसाठी किंवा वन विभागासाठी लहान कामे करावी लागतात, आणि ज्याच्याजवळ विषयाचे ज्ञान व फिल्म संकलनाचे (एडिटिंगचे) कौशल्य दोन्ही असते, तोच टिकतो. प्राणिशास्त्रातील बीएस्सी नाशिकमध्येच होईल. पदवीनंतर चित्रपटाच्या शिक्षणासाठी पुण्याची एफटीआयआय, कोलकात्याची सत्यजित राय संस्था किंवा वन्यजीवांच्या अभ्यासासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था हे मार्ग प्रवेशपरीक्षांनी खुले आहेत. नीटच्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवीलाही प्रवेश होतो. गिधाडांच्या गोष्टीत रस असलेल्या मुलाने तिचा विचार करावा, पण केवळ नावापुढे डॉक्टर लागावे म्हणून आपण तिच्यासाठी आग्रह धरू नये.

तोवर पदवीच्या काळात त्याने जवळ आहे त्या मोबाइलवरच काम सुरू करावे. हरसूलजवळ खोरीपाडा येथे गावकरी मृत जनावरे गिधाडांसाठी विशिष्ट जागी ठेवतात आणि अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आजही आहेत. जनावराला शेवटच्या दिवसांत कोणते औषध दिले होते, हे तेथे कोण विचारते आणि कसे तपासते, एवढा एकच प्रश्न घेऊन त्याने दहा मिनिटांचा माहितीपट करावा. पहिली मुलाखत आपली घ्यावी, कारण गावात गिधाडे दिसेनाशी झाली तेव्हा गोठा आपलाच होता.

या वर्षीची नीट द्यावी की नाही, हे त्याला ठरवू द्या, आणि तिसऱ्यांदा मात्र बसवू नका. वही याच आठवड्यात परत करा. पुढचे पत्र त्याने स्वतः लिहावे आणि सोबत वहीतील एका महिन्याच्या नोंदी पाठवाव्यात, म्हणजे पुढील शिक्षणाविषयी मला नेमके सुचवता येईल.