गोळ्या संपल्या, मग करंगळी का वाकतेय?

प्रश्न : माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालतात. कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा १२ महिन्यांचा कोर्स फेब्रुवारीत पुरा झाला. तीन आठवड्यांपासून उजव्या कोपरात ठणका आहे, करंगळी वाकायला लागलीय. तळहाताला भाजून फोड आला, तोही त्यांना कळला नाही. रोग उलटला का?
– एक वाचक, कागल

उत्तर : उलटला असण्यापेक्षा ही ‘रिअ‍ॅक्शन’ असण्याची शक्यता जास्त. पण थांबण्यासारखं दुखणं नाही.

कुष्ठरोगाच्या जंतूला गारवा मानवतो, ३० अंशांच्या आसपासचा. म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत, तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींत घर करतो. कोपरामागची अल्नर नस त्यातलीच. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या तिच्याच. एमडीटीने, म्हणजे कुष्ठरोगाच्या त्या गोळ्यांनी, जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष नसेत बराच काळ राहतात. प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडली की नस सुजते. हीच रिअ‍ॅक्शन. कोपराशी ती हाडाच्या खोबणीतून जाते. तिथं फुगायला जागा नाही. नस आवळते, रक्त कमी पोचतं, तंतू मरू लागतात. बहुधा आधी गरम-गार कळेनासं होतं, मग स्पर्श आणि दुखणं. स्नायूंची ताकदही जाते.

तेव्हा उद्याच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. ठणका नसता तरी हेच सांगितलं असतं. काही वेळा नस न दुखता निकामी होते. उपचार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा : वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम रोज, मग कित्येक आठवडे हळूहळू उतरवत. सुरू करण्यापूर्वी साखर, रक्तदाब आणि क्षयाची लक्षणं तपासून घ्या. दुकानातून परस्पर आणू नका, मध्येच बंदही करू नका. नस अधू होऊन सहा महिने व्हायच्या आत उपचार मिळाले तर ताकद परतायची आशा चांगली. ठणका असेपर्यंत कोपराला झोळीत विश्रांती द्या, मालिश नको.

चुलवाणाचं काम तूर्त बंद. फोड फोडू नका, स्वच्छ कापडाने झाका. तो भरल्यावर रोज हात २० मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचा आणि न पुसता खोबरेल लावायचं. घाम आटल्याने कातडी भेगाळते. पाणी गरम आहे का, हे त्यांच्या हाताने पाहू नका.

तळपायही तपासा : डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक हलकेच टेकवा आणि कुठं टेकलं ते विचारा. सांगता आलं नाही तर कडक तळाची, अंगठ्याची कोल्हापुरी घालू देऊ नका. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल आरोग्य केंद्रात मागा.