अमेरिकेतील पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग: त्या १४ पानी नियमांविषयी

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपली कन्या नाशिकहून बारावी करून येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला जात आहे. तेथे सर्वांना सक्तीच्या असलेल्या इंग्रजी लेखनाच्या वर्गाचा १४ पानी सिलॅबस (वर्गाच्या कामाचे आणि नियमांचे पत्रक) तिला आला असून तो वाचून आपण धास्तावला आहात. इंग्रजी माध्यम आणि टोफेल या इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेतले उत्तम गुण असताना हा वर्ग टाळता येईल का, हजेरीचे आणि मुदतीचे नियम प्रत्यक्षात इतके कडक असतात का, नोव्हेंबरअखेर आतेभावाच्या लग्नासाठी १० दिवस रजा मिळेल का, न्यू जर्सीतले मामा निबंध तपासून देणार आहेत ते चालेल का, आणि अडचण आल्यास आपण स्वतः प्राध्यापकांना लिहावे का, असे आपले प्रश्न आहेत. मी अशाच एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना हा वर्ग शिकवला आहे आणि पुढे तेथील लेखन केंद्रात कामही केले आहे, त्या आधारावर लिहितो.

वर्ग टाळणे बहुधा शक्य होणार नाही. एपी इंग्रजीच्या (शाळेत असतानाच देण्याच्या महाविद्यालयीन पातळीच्या) परीक्षेत चांगला गुण असेल तर अनेक विद्यापीठे त्याचे श्रेयांक (क्रेडिट) देतात. टोफेलने मात्र प्रवेशाची अट पूर्ण होते, या वर्गातून सूट सहसा मिळत नाही. यात परदेशी विद्यार्थ्यांवर अविश्वास आहे असे समजू नये, कारण हा वर्ग मुळात परक्यांसाठी निघालेलाच नाही. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशासाठी इंग्रजी लेखनाची परीक्षा सुरू केली, तेव्हा उत्तम शाळांतून आलेल्या, इंग्रजीच मातृभाषा असलेल्या मुलांची दाणादाण उडाली, आणि १८८५ मध्ये तेथे पहिल्या वर्षासाठी ‘इंग्लिश ए’ हा लेखनाचा वर्ग आला. तोच प्रकार पुढे देशभर पसरला. आज कन्येच्या शेजारी बसणाऱ्या ओहायोच्या किंवा टेक्ससच्या मुलालाही तो तितकाच सक्तीचा असतो. बहुभाषिक विद्यार्थ्यांसाठी वेगळी तुकडी असेल आणि तिचे श्रेयांक समान असतील, तर ती तुकडी घेण्यात कमीपणा मानू नये. तेथे विद्यार्थी बहुधा थोडे असतात आणि शिक्षक वेळ देतात.

नियमांचा जाच वाटतो तो एका गैरसमजामुळे. आपल्याकडे इंग्रजीच्या विषयात शेवटच्या पेपरातले इंग्रजी तपासले जाते. तो पेपर कसा घडला, आधी काय खोडले, कोणाशी चर्चा केली, याच्याशी परीक्षकाला कर्तव्य नसते. या वर्गात नेमके ते घडणेच तपासले जाते. पहिला कच्चा खर्डा, त्यावर सहाध्यायांनी केलेली टिपणे, शिक्षकांबरोबरची १५-२० मिनिटांची भेट, पुनर्लेखन, आणि सत्राच्या शेवटी सगळे एकत्र करून द्यायचा संग्रह, या प्रत्येकाला गुण असतात. त्यामुळे माझ्या पाहण्यातले जे भारतीय विद्यार्थी या वर्गात मागे पडले, त्यांतले फारच थोडे इंग्रजीमुळे पडले. बहुतेक जण आदल्या रात्री एका बैठकीत सुबक निबंध लिहून देण्याच्या सवयीमुळे पडले. ३ श्रेयांकांच्या वर्गाला आठवड्याला ३ तास वर्गात आणि किमान ६ तास बाहेर, असा हिशेब तेथील संघराज्य सरकारच्या श्रेयांकाच्या व्याख्येतच आहे, आणि लेखनवर्गाचे शिक्षक तो मनापासून धरून चालतात.

हे लक्षात घेतले की हजेरीचा नियमही समजतो. खर्ड्यावर चर्चा असलेल्या दिवशी अनुपस्थित राहणारी विद्यार्थिनी स्वतःचे नुकसान करतेच, शिवाय तिच्या गटातल्या दोघातिघांना वाचक मिळत नाही. साधारणपणे एक ते दोन आठवड्यांच्या तासांइतकी गैरहजेरी माफ असते, त्यापुढे प्रत्येक तासागणिक अंतिम श्रेणी खाली येते आणि एका मर्यादेनंतर थेट नापास करतात. नेमकी संख्या आपल्याकडे आलेल्या कागदांत असेलच. शिक्षकांबरोबरच्या भेटीची वेळ चुकवली तर तीही बहुतेक ठिकाणी गैरहजेरी धरतात, हे नवख्यांना ठाऊक नसते. आजारपण, अपंगत्व आणि धार्मिक सण यांसाठी वेगळी तरतूद असते. अपंगत्वाची सोय तर १९७३ आणि १९९० च्या कायद्यांनी विद्यापीठांवर बंधनकारकच आहे. दिवाळीसाठी एखादा दिवस हवा असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच लेखी कळवावे, सहसा नकार मिळत नाही.

लग्न मात्र यांपैकी कशातच बसत नाही, आणि आपली पंचाईत अशी आहे की तुळशीचे लग्न झाल्यावर आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात तेव्हाच तेथे सत्राचा शेवट येतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. त्या आठवड्यात थोडी सुट्टी मिळते आणि परत आल्यावर डिसेंबरच्या पूर्वार्धात संशोधननिबंध व संग्रह द्यायचा असतो. दहा दिवसांची रजा म्हणजे सगळ्यात जास्त गुणांच्या कामावर पाणी. लग्न त्या सुट्टीला लागून असेल आणि माफ असलेले तास तिने तोवर जपून ठेवले असतील, तर धावती भेट जमू शकेल, पण मग सप्टेंबरमध्ये आळसापायी एकही तास बुडवून चालणार नाही. तिकीट काढल्यानंतर प्राध्यापकांना कळवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. ते रागावत नाहीत, फक्त नियमाचा परिच्छेद दाखवतात.

मुदतीविषयी थोडक्यात. रात्री ११:५९ म्हणजे ११:५९. संगणकप्रणाली १२ वाजता उशिराचा शिक्का मारते. मुदतवाढ मिळते, पण ती मुदत संपण्यापूर्वी मागितली तर. ईमेलमध्ये वर्गाचा क्रमांक, नेमके कारण आणि स्वतः सुचवलेली नवी तारीख एवढे पुरे असते. ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ या कचेरी थाटाची तेथे गरज नसते.

आता निबंधाकडून असलेल्या अपेक्षा. आपल्या मुलांना ‘विज्ञान: शाप की वरदान’ या घाटाचा निबंध हातखंडा येतो. प्राचीन काळापासून सुरुवात, मग थोडे फायदे, थोडे तोटे, अधूनमधून एखादे सुभाषित आणि शेवटी ‘योग्य वापर केल्यास वरदानच’. तेथील शिक्षक अशा निबंधाच्या समासात एकच प्रश्न लिहितात: याला असहमत कोण होईल? ज्याच्याशी कोणीही शहाणा माणूस वाद घालणार नाही ते विधान त्यांच्या लेखी प्रतिपादनच नव्हे. कन्या नाशिकची आहे म्हणून कांद्याचेच उदाहरण घेतो. ‘निर्यातबंदी शेतकऱ्यांवर अन्याय करते’ हे विधान जिव्हाळ्याचे आहे, पण इतके पसरट आहे की चार पानांत त्याचे काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी तिने डिसेंबर २०२३ मध्ये लागू झालेली आणि मे २०२४ पर्यंत राहिलेली बंदी निवडावी आणि म्हणावे, की ही बंदी ज्या वेळी आली त्या वेळेमुळेच तिचा मुख्य भार थांबू न शकणाऱ्या शेतकऱ्यांवर पडला, कारण डिसेंबरात बाजारात येणारा लाल कांदा टिकत नाही आणि उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत (हवेशीर कोठारात) साठवून ठेवता येत नाही. या विधानाला पुरावा लागतो, तो लासलगावच्या आवकेच्या आणि भावाच्या आकड्यांत सापडू शकतो. याला विरोधही होऊ शकतो: शहरातल्या ग्राहकासाठी भाव आवरणे हे सरकारचे कामच आहे, असे कोणी म्हणेल. तो विरोध प्रामाणिकपणे मांडून त्याला उत्तर देणे हाच निबंधाचा गाभा. आणि हे सर्व ज्या वाचकाने लासलगाव ऐकलेले नाही, ज्याने कांदाचाळ पाहिलेली नाही, त्याला समजेल असे लिहायचे. काय समजावून सांगावे लागेल आणि काय गृहीत धरता येईल याची जाण या वर्गात व्याकरणापेक्षा वरची मानली जाते. मराठी वर्तमानपत्राचा आधार घेतला तरी सहसा चालतो, भाषांतर स्वतःचे असल्याचे नमूद करावे लागते. मात्र आधी शिक्षकांना विचारून घ्यावे.

पुनर्लेखनाची अपेक्षा याच्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या खर्ड्यात स्वल्पविराम आणि स्पेलिंगे सुधारून दिली तर त्याला पुनर्लेखन म्हणत नाहीत. पुरावा पाहिल्यावर मूळ विधान बदलले, दोन परिच्छेद काढून टाकले, तिसरा अगदी आरंभी आणला, असे काही व्हायला हवे. पहिल्या खर्ड्यावर श्रेणी नसेल किंवा ती बी वजा असेल तर आपण घरी घाबरून जाऊ नये. त्या वेळी ती तशीच असते. सहाध्यायाच्या खर्ड्यावर ‘व्हेरी गुड’ लिहून सुटका करून घेण्याची आपली सभ्यताही तेथे गुण घालवते. तिसऱ्या परिच्छेदातला आकडा कशासाठी आला ते कळले नाही, असे सांगणे हे सौजन्यच समजले जाते.

उसन्या मजकुराच्या नियमाबाबत मी विशेष सावध करीन. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि त्यातून ‘१० टक्के चालते’ असा समज घरोघरी पोहोचला आहे. अमेरिकी लेखनवर्गात असा कोटा नसतो. अवतरणचिन्हे आणि संदर्भ नीट दिले असतील तर टर्निटिन या मजकुरातले साम्य शोधणाऱ्या प्रणालीवरचे २५ टक्के साम्यही निर्दोष असू शकते, आणि न सांगता उचललेले एक वाक्यही प्रकरण विद्यापीठाच्या शिस्त कार्यालयाकडे नेऊ शकते. मूळ वाक्यातले शब्द बदलून रचना तशीच ठेवण्याची आपल्या गाईडांनी लावलेली सवयही यातच धरली जाते, जरी काही अभ्यासक, विशेषतः रिबेका मूर हॉवर्ड, तिच्याकडे गुन्हा म्हणून न पाहता शिकण्याचा एक टप्पा म्हणून पाहतात. सर्वच शिक्षक इतके उदार असतील यावर विसंबू नये. स्वतःचाच जुना निबंध किंवा प्रवेशअर्जासाठी लिहिलेला मजकूर परवानगीशिवाय पुन्हा देणेही बहुतेक ठिकाणी निषिद्ध असते. संदर्भ बहुधा एमएलए या संदर्भलेखनाच्या नियमावलीच्या नवव्या आवृत्तीप्रमाणे द्यायचे असतात. पर्ड्यू विद्यापीठाचे विनामूल्य लेखन संकेतस्थळ त्यासाठी पुरेसे आहे.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आल्यापासून प्रत्येक शिक्षकाचा नियम निराळा झाला आहे, एकाच इमारतीतल्या दोन तुकड्यांतही. एक जण कल्पना सुचण्यापुरती परवानगी देईल, दुसरा ग्रामरली या व्याकरण तपासणाऱ्या साधनालाही हरकत घेईल. त्यामुळे मैत्रिणीच्या वर्गात काय चालते हे विचारून उपयोग नाही. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांवर मात्र माझा विश्वास नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे ९१ निबंध अशा सात साधनांना दिले, तेव्हा माणसांनी लिहिलेले ते निबंध सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलीवर नाहक संशय येण्याची शक्यता म्हणून खरीच आहे. तिने प्रत्येक निबंध पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्ये लिहावा, म्हणजे बदलांचा इतिहास तारीखवार जपला जातो आणि कोणी विचारले तर दाखवता येतो. एकदम पूर्ण मजकूर आणून चिकटवला तर तो पुरावा उरत नाही.

मामांचा प्रश्न येथेच सुटतो. त्यांनी खर्डा वाचून ‘हे मला पटले नाही’, ‘येथे मी गोंधळलो’ असे सांगण्यास हरकत नाही. लेखणी हाती घेऊन वाक्ये दुरुस्त करू नयेत, कारण अनेक ठिकाणी ते नियमाविरुद्ध धरतात, आणि वर्गात लिहिलेल्या परिच्छेदाशी घरचा निबंध जुळेनासा होतो. त्यापेक्षा विद्यापीठाच्या लेखन केंद्रात जावे. ते बहुधा मोफत असते, वेळ आगाऊ घ्यावी लागते, आणि तेथे वाक्ये दुरुस्त करून मिळत नाहीत म्हणून आपली मुले पहिल्या भेटीनंतर नाराज होतात. तिने तरी दुसऱ्यांदा जावे.

वर्ग झेपत नाही असे वाटले तर तो सोडण्याची मुदत असते आणि गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याची खूण) येतो. हा निर्णय तिने एकटीने घेऊ नये. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थिनीला सत्राला किमान १२ श्रेयांक लागतात, आणि त्याखाली जाण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय कार्यालयातील अधिकाऱ्याची संमती घेतली नाही तर व्हिसाची स्थिती धोक्यात येते. सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण येणे हे श्रेयांक कमी करण्यास मान्य कारण आहे, पण त्या कारणाची सवलत एका पदवीच्या टप्प्यात एकदाच मिळते आणि तेव्हाही किमान ६ श्रेयांक ठेवावे लागतात.

आपण प्राध्यापकांना लिहू नये. १९७४ च्या फेर्पा कायद्याने महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर त्याचाच हक्क असतो, वय काहीही असो. तिच्या लेखी संमतीशिवाय शिक्षक आपल्याशी गुणांविषयी बोलू शकत नाहीत, आणि संमती असली तरी बोलणे त्यांच्यावर बंधनकारक नसते. शिक्षकांचे भेटीचे तास बहुधा त्या १४ पानांच्या पहिल्याच पानावर दिलेले असतात. पहिल्या दोन आठवड्यांत, काहीही बिनसलेले नसताना, तिने त्या वेळेत एकदा जाऊन यावे आणि लग्नाच्या तारखांचा विषयही तेव्हाच काढावा.