एम.डी. की एम.डी.-पीएच.डी. : एका विद्यार्थिनीस पत्र

परळ, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. इंटर्नशिप संपत आली आहे आणि नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन सरळ एम.डी.ला लागावे, की एम.डी. व पीएच.डी. यांचा एकत्रित अभ्यासक्रम शोधावा, असा तुझा प्रश्न आहे. पत्रात वर्षांचा आणि पैशांचा हिशोब तू दोन पाने भरून केला आहेस. आपल्याला नेमके काय शोधायचे आहे याबद्दल मात्र ‘मला संशोधनाची आवड आहे’ एवढे एकच वाक्य आहे. माझ्या मते निर्णय त्या वाक्यापाशी अडला आहे, म्हणून हिशोब आधी उरकून घेऊ.

एमबीबीएसची साडेपाच वर्षे, महापालिकेच्या महाविद्यालयात शिकल्यामुळे बाँडचे, म्हणजे सक्तीच्या सेवेचे, एक वर्ष, एम.डी.ची तीन आणि पीएच.डी.ची चार-पाच, असे सगळे विनाखंड पार पडले तरी तिशी ओलांडते, पुढे डी.एम. ही अतिविशेष शाखेची पदवी करायची ठरली तर आणखी तीन वर्षे. एकत्रित अभ्यासक्रमात यातला थोडा काळ वाचतो, पण केवळ तेवढ्यासाठी त्या वाटेला जाऊ नये. २०२३ पासून पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. मुंबईत एम.डी. करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरच्या हाती याहून बरेच अधिक पडतात. घरात दुसरे कोणी मिळवते असेल तर ही तफावत सोसवते. नसेल तर ती ध्येयवादाने भरून निघत नाही, हे आताच मान्य केलेले बरे.

अमेरिकेचा विचार तू सोडून द्यावास. तिथे १९६४ पासून सरकारी मदतीने चालत आलेला एम.डी.-पीएच.डी.चा अभ्यासक्रम पदवीनंतर सुमारे आठ वर्षांचा असतो, त्याचे सरकारी अनुदान तेथील नागरिकांसाठी व कायम रहिवाशांसाठी असते, आणि तुला तर झालेले वैद्यकीय शिक्षण पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. तिकडे जायचेच असेल तर रेसिडेन्सीसाठी किंवा निव्वळ पीएच.डी.साठी जावे.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या पत्राच्या शेवटी, जवळजवळ ताजा कलम म्हणून, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांचा उल्लेख आहे. हायड्रॉक्सियुरिया सुरू केल्यावर काही मुलांचे रक्त चढवण्यातले अंतर वाढते आणि काहींना त्याच औषधाचा काहीच उपयोग होत नाही, हे रुग्णालयाच्या डे-केअर कक्षात पाहून तू अस्वस्थ झालीस. संशोधनाच्या आवडीपेक्षा हे वाक्य मला मोलाचे वाटले, कारण त्यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे दोन वेगळ्या ठिकाणी मिळतात.

औषध कोणाला लागू पडते, किती प्रमाणात आणि किती काळ, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर रुग्णांतच आहे. त्यासाठी नीट ठेवलेले केस पेपर हवेत, नियमित तपासण्या हव्यात, आधीच लिहून ठेवलेली कार्यपद्धती हवी आणि संख्याशास्त्र जाणणारा सहकारी हवा, पीएच.डी. लागत नाही. टाटा मेमोरियलच्या शल्यविशारदांनी तोंडाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात मानेच्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की उद्भवल्यावर काढाव्यात, हा प्रश्न यादृच्छिक चाचणीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडून, सोडवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के आणि दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण जिवंत होते. जगभरची पद्धत त्या कामाने बदलली, आणि ते ओपीडी व शस्त्रक्रियागृह सांभाळणाऱ्या माणसांनी केले.

औषध काहींनाच का लागू पडते, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पेशीत आहे. बाळ गर्भात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, ते हायड्रॉक्सियुरिया पुन्हा वाढवते. ते हिमोग्लोबिन जन्मानंतर दाबून ठेवण्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा वाटा आहे, हे २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेतून दाखवले गेले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक विजय शंकरन त्या वेळी वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थीच होते. त्याच धाग्यावरून पुढे जनुक-संपादनाचा उपचार उभा राहिला आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये त्याला प्रथम मान्यता मिळाली. हे काम वॉर्डातून फावल्या वेळात होत नाही. त्याला सलग वर्षे द्यावी लागतात आणि हाताला वेगळे वळण लावावे लागते, म्हणून पीएच.डी.

परळमध्ये राहून या दोन्ही वाटांची माणसे तुला लांब शोधायला नकोत. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांना कोणत्याच गटाशी न जुळणारे रक्त आढळले आणि १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आला. डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग १९४९ मध्ये मांडला, तो रुग्ण तपासता तपासताच. याउलट हाफकिन मुळात प्राणिशास्त्रज्ञ. डॉक्टर नसूनही त्यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस याच शहरात तयार केली. आणि १९८६ च्या टेस्ट ट्यूब बेबीमागे केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा व जवळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांची जोडी होती. हिंदुजा यांनी त्याच विषयात पीएच.डी.ही मिळवली. दोन्ही पदव्या एकाच व्यक्तीकडे असल्याच पाहिजेत असे नाही. उत्तम सहकारी मिळाला तर अर्धी वाट तो चालतो.

तेव्हा तुझे मन कोणत्या प्रश्नाकडे ओढ घेते हे पाहायला हवे, आणि ते विचार करून कळत नाही, काम करून कळते. इंटर्नशिप संपल्यावर सहा महिने एखाद्या प्रयोगशाळेत बसावेस असे मी सुचवीन. केईएमच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे आणि तुझा विषय तिच्या कामातलाच आहे. पहिल्या महिन्यात तुला सगळेच नवलाचे वाटेल. ते धरू नकोस. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडल्यावर पेशी वाढवण्याचे, शुक्रवारी गुलाबी असलेले माध्यम पिवळे आणि गढूळ झालेले दिसते, तीन आठवड्यांच्या पेशी ब्लीचमध्ये ओताव्या लागतात, आणि चूक कोणाची हे कळत नाही. अशा वेळी तुझ्या मनात ‘पुन्हा लावू या’ येते की ‘ओपीडीत असते तर आतापर्यंत चाळीस पेशंट तपासून झाले असते’ असे येते, हे प्रामाणिकपणे टिपून ठेव. दुसरे उत्तर येण्यात कमीपणा काही नाही. चांगल्या डॉक्टरला ते यायचेच. पण ते रोज येत असेल तर पीएच.डी.च्या पाच वर्षांत तू कुढत राहशील.

एम.डी.च्या प्रबंधावरून मात्र संशोधनाची पारख करू नकोस. विषय नोंदवा, सिनॉप्सिस द्या, एथिक्स कमिटीची मंजुरी आणा, आणि उरलेल्या दीडेक वर्षात जमतील तेवढे रुग्ण गोळा करा, अशा घाईत ते काम होते. त्याचा उद्देश शिस्त लावणे हा असतो आणि पुष्कळदा तेवढेही साधत नाही.

एकत्रित अभ्यासक्रमाची जाहिरात वाचताना संस्थेच्या नावावर भाळू नकोस. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये रुग्णालयासह असा उपक्रम जाहीर केला, ही स्वागताचीच गोष्ट आहे. पण कुठेही जाण्यापूर्वी तिथल्या विद्यार्थ्यांना एकटे गाठून विचार की पीएच.डी.च्या वर्षांत आठवड्यातून एकदा तरी रुग्ण तपासायला मिळतात का, गाइड स्वतः प्रयोगशाळेत येतात का, आणि मध्येच सोडून गेलेले कोणी आहेत का. रुग्णांपासून चार वर्षे पूर्ण दूर राहिलेल्या माणसाचा हात बिघडतो. मेडिसिनमध्ये ते भरून काढता येते, शस्त्रक्रियेत कठीण जाते. म्हणून सर्जरीचा विचार असेल तर मी तुला या वाटेने पाठवणार नाही.

आज माझा कौल विचारशील तर तो एम.डी.कडे झुकतो, बालरोग किंवा मेडिसिन, आणि पीएच.डी. त्यानंतर. एम.डी.मुळे ‘का’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘कोणाला’ हे नीट पाहण्याची सवय लागते, आणि घरच्यांनाही जरा हायसे वाटते. सहा महिन्यांनी तुझ्या टिपणांतून वेगळे काही दिसले तर मी हा कौल बदलीन. नीट-पीजीचा अर्ज मात्र कोणत्याही परिस्थितीत भर, आणि संशोधन शिष्यवृत्तीसाठीच्या सीएसआयआर-नेट परीक्षेचाही. एमबीबीएस झालेल्यांना ती परीक्षा खुली आहे, हे तुमच्या बॅचमध्ये फारसे कोणाला ठाऊक नसते. थॅलेसेमियाचे ते दोन प्रश्न एकेका पानावर लिहून काढ आणि प्रत्येकाखाली उत्तर मिळवण्यासाठी काय काय लागेल ते मांड. शक्यतो पुढच्या रविवारी, सकाळी अकरानंतर ये. बाबांना यायचे असेल तर त्यांनाही घेऊन ये, दवाखाना कधी काढणार हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी त्यांच्याशी समोरासमोर बोलेन.

तुझा शुभचिंतक,
तुझे सर