काळ्या मातीवरच्या घराला तिरपी भेग पडली, म्हणजे पाया खचलाय का?

भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलीय आणि उन्हाळ्यात रुंदावते, असं तुम्ही लिहिलंय. मग पायाचा संशय घ्यायलाच हवा. नुसत्या गिलाव्याच्या भेगा केसासारख्या, जाळीदार असतात. पायाची भेग एका टोकाला रुंद असते, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढते, आणि जवळचं दार चौकटीत अडकायला लागतं.

काळी माती पावसात फुगते, वैशाखात आकसते. घर तिच्याबरोबर हलतं. म्हणून कृपा करून लगेच सिमेंट भरू नका. भेगेच्या टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. थोडा गिलावा खरवडून विटांवर काचेची पट्टी आडवी, दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

आधी पाणी सांभाळा. पन्हाळीचं, मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. घराभोवती बाहेर उतरता कोबा करा.

तरी थांबलं नाही तर स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच. पायाखाली नवं काँक्रीट घालताना साधारण मीटरभराचे तुकडे एकाआड एक खोदतात. कंत्राटदार भिंतीलगत सलग चर खणू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.