लोणारचे विवर ज्वालामुखीचे नाही, हे कशावरून?

प्रश्न : लोणारचे सरोवर अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने निर्माण झाले, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु आजूबाजूचा सगळा काळा कातळ तर ज्वालामुखीतूनच आलेला आहे. मग हे विवरही ज्वालामुखीचे मुख नसेल कशावरून? आणि तो पाषाण आज कोठे आहे? (एक वाचक, वाशीम)

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे अनेक अभ्यासक ते ज्वालामुखीचेच मानत होते.

पहिली अडचण काळाची आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर विवराचे वय आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघते. आधीच्या काही मोजण्यांत ते जेमतेम पन्नास हजार वर्षे आले होते, म्हणून पुस्तकांत दोन्ही आकडे आढळतात. पण कोणताही धरला, तरी इथला लाव्हा त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीच थंड झालेला होता.

निर्णायक पुरावा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाखाली छिद्रे पाडून काढलेल्या खडकांच्या तुकड्यांमध्ये मास्केलिनाइट नावाची काच असल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले. बेसाल्टमधील, म्हणजे इथल्या काळ्या कातळातील, फेल्डस्पार या खनिजावर वातावरणाच्या काही लाख पट दाब क्षणार्धात पडला, तर त्याची स्फटिकरचना मोडून ही काच तयार होते, आणि एवढा दाब कोणताही ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. ही काच प्रथम ओळखली गेली ती १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला आहे, हे पुढे सिद्ध झाले. मंगळावरच्या आघाताची आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या आघाताची खूण एकच असावी, याहून विलक्षण गोष्ट मला तरी या विषयात दुसरी दिसत नाही.

आता त्या पाषाणाविषयी. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आलेला पाषाण कातळावर आदळला, की त्याच्या गतीची जवळजवळ सारी ऊर्जा तेथेच मोकळी होते. तो बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन नाहीसा होतो, आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर काही सेकंदांत कोरले जाते. विवराभोवती सापडणाऱ्या काचेच्या बारीक गोळ्यांमधले निकेल आणि क्रोमियमचे वाढीव प्रमाण, एवढाच त्याचा मागमूस उरला आहे. कड्यावर उभे राहाल, तेव्हा लाव्ह्याचे थर अवश्य पाहा : एरवी दख्खनमध्ये ते जवळजवळ आडवे असतात, येथे मात्र ते वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला कललेले आहेत.

प्रश्न : २०२० साली पाणी गुलाबी झाले, त्याचाही आघाताशी संबंध आहे का? (एक वाचक, जालना)

उत्तर : थेट नाही. पाण्याला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे येथे क्षार साचत जातात आणि पाणी खारट व अल्कधर्मी होते. त्या वर्षीच्या जून महिन्यात बाष्पीभवनाने पातळी उतरून खारटपणा वाढला, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या वाढली आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

जाताना एक विनंती : कड्यावरील दगड किंवा काचेचे तुकडे आठवण म्हणून उचलू नका. अभ्यासकाला ते नेमके कोठे आणि कोणत्या थरात होते, हेही माहीत असावे लागते.