टेकूचं बल उणे आलं तर?

प्रश्न : ४ मीटरची, २० किलोची एकसारखी फळी दोन टेकूंवर आडवी ठेवली आहे. टेकू 'अ' डाव्या टोकाखाली, 'ब' तिथून ३ मीटरवर. ६० किलोचा माणूस डाव्या टोकापासून ३.५ मीटरवर उभा आहे. 'अ'चं बल उणे ३३ न्यूटन येतंय. तीनदा करून पाहिलं. चूक कुठे आहे?

उत्तर : कुठेच नाही. गुरुत्वत्वरण १० धरू. फळीचं २०० न्यूटन वजन मधोमध, म्हणजे 'अ'पासून २ मीटरवर. माणसाचं ६०० न्यूटन ३.५ मीटरवर. आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे बल गुणिले त्या बिंदूपासून बलाच्या रेषेचं लंबांतर) 'अ'भोवती घेतलं की 'अ'चं अज्ञात बल समीकरणातून गळतं, कारण त्याचं लंबांतर शून्य. उरतं ते असं :

ब × ३ = २०० × २ + ६०० × ३.५ = २५००

म्हणून ब = ८३३. एकूण वजनच ८००, तेव्हा अ = −३३. फळी आडवी राहायची तर 'अ'ने तिला वर उचलण्याऐवजी खाली ओढून धरायला हवं, असं ते चिन्ह सांगतंय. नुसत्या टेकूला ओढता येत नाही, त्यामुळे फळी उलटणार. त्या जागी बोल्ट असेल तर तो ३३ न्यूटनचा ताण घेईल आणि तुमचं उत्तर जसंच्या तसं बरोबर ठरेल. चिन्ह मात्र खोडू नका; खोडलंत तर वरच्या बलांची बेरीज ८६६ होते आणि खाली ८००च राहतात.

माणूस कुठवर जाऊ शकतो? उलटण्याच्या क्षणी 'अ' शून्य. आता आघूर्ण 'ब'भोवती घ्या : २०० × १ = ६०० × क्ष. क्ष ०.३३ मीटर, म्हणजे 'ब'च्या पुढे जेमतेम ३३ सेंटिमीटर. तुमचा माणूस ५० सेंटिमीटर पुढे आहे.

प्रश्न : गुळगुळीत भिंतीला ५ मीटरची, २० किलोची शिडी टेकवली आहे. पाया भिंतीपासून ३ मीटरवर, जमिनीचा स्थितिक घर्षणांक ०.५. घर्षण ०.५ × २०० = १०० न्यूटन घेतलं, पण आघूर्णातून ७५ येतं. खरं कोणतं?

उत्तर : ७५. घर्षणांक गुणिले लंब बल (जमीन शिडीला वर ढकलते ते) ही घर्षणाची कमाल मर्यादा. शिडी स्थिर असताना घर्षण गरजेपुरतंच लागतं. आघूर्ण पायाभोवती घ्या. भिंतीच्या बलाचं लंबांतर म्हणजे टेकल्या जागेची उंची, ४ मीटर. वजनाचं म्हणजे पायापासूनचं आडवं अंतर, १.५ मीटर. साइन की कोसाइन हा घोळच उरत नाही. २०० × १.५ ÷ ४ = ७५, आणि आडवी बलं दोनच असल्याने घर्षणही तेवढंच.

मर्यादा कामी येते ती कुणी शिडी चढू लागल्यावर. ६० किलोचा माणूस चढला की लंब बल ८००, घर्षण जास्तीत जास्त ४००.

४०० × ४ = ३०० + ६०० × क्ष

क्ष २.१७ मीटर आडवं, शिडीवरून मोजलं तर सुमारे ३.६ मीटर. त्याच्या वर पाऊल पडलं की पाया घसरतो.

प्रश्न : चार पायांच्या टेबलावर एका कोपऱ्याजवळ वजन ठेवलं. प्रत्येक पायावरचं बल काढता येईल का?

उत्तर : नुसत्या समतोलाच्या नियमांनी नाही. उभ्या बलांचं एक समीकरण, आघूर्णाची दोन, आणि अज्ञातं चार. पाय आणि फळी किती दबतात-वाकतात हे कळल्याशिवाय चौथं समीकरण मिळत नाही. तीन पायांची तिवई मात्र सुटते.